वेब सर्व्हर सेटअप आणि डिप्लॉयमेंटसाठी नेहमी कामाला येणारे कोड स्निपेट कोणते? तयार यादी मिळेल का?

यादी मागू नका. अशीच एक तयार ओळ मी चालवली आणि तीनशेवर शेतकऱ्यांचे कागद माझ्या हातून गेले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून काम करतो. इथल्या एका शेतकरी कंपनीसाठी कापूस विक्रीच्या नोंदणीची साइट मी बांधली होती. लोक मोबाइलवरून सातबारा आणि पासबुकाचे फोटो टाकायचे, मग जिनिंगवर गाडी कधी न्यायची ते ठरायचं. दिवाळीनंतरचे दिवस, वेचणी जोरात. फॉर्ममध्ये बारीकशी दुरुस्ती होती. पुण्यातल्या माझ्या तेव्हाच्या सिनियरनं आरसिंकची (फाइली सर्व्हरवर पाठवणाऱ्या कमांडची) ओळ पाठवली, "हे टाक, चालतं." तिच्यात --डिलीट होतं. म्हणजे लॅपटॉपवर जे नाही ते सर्व्हरवरूनही पुसायचं. शेतकऱ्यांचे फोटो माझ्या लॅपटॉपवर कशाला असतील? त्यातच लाइन गेली, मागोमाग टॉवरही. लाइन आली तेव्हा साइट अर्धी जुनी, अर्धी नवी आणि अपलोड्सचं फोल्डर रिकामं.

सकाळी शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. "मंग माह्या सातबाऱ्याचा फोटो गेला कुठी बाप्पा?" आठ दिवस मोटारसायकलवर गावोगाव फिरून मी ते फोटो पुन्हा काढले.

सिनियर म्हणाला, गावच्या नेटवर बसून प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या चालू साइटला, हात लावू नये. तेव्हा ऐकून घेतलं, आता घेणार नाही. फोटो नेटनं पुसले नाहीत, त्या ओळीनं पुसले. पुण्यात फायबरवर ती आणखी लवकर पुसून मोकळी झाली असती.

आता मी आरसिंक आधी -एन लावून चालवतो. काय पुसलं जाणार ते न पुसता दिसतं. अपलोड्स कोडच्या फोल्डरबाहेर. प्रत्येक रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि सगळं पोचल्यावरच सिमलिंक, म्हणजे चालू फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, नव्याकडे फिरवायची. मध्येच लाइन गेली तरी चालू साइटला धक्का लागत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत सेट -ई, म्हणजे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथंच थांबते. एसएसएचवरचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरून करायचं लांबलचक काम टीमक्समध्येच; नेट तुटलं तरी ते सर्व्हरवर चालू राहतं. एनजिनएक्सला, म्हणजे वेब सर्व्हरला, रीस्टार्ट कधीच नाही: आधी एनजिनएक्स -टी (कॉन्फिग तपासायला), मग रीलोड. कॉन्फिगमध्ये चूक असली तर रीलोडला जुनं कॉन्फिग चालू राहतं, रीस्टार्टला साइटच बसते. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट मिळणारं, एचटीटीपीएससाठीचं) नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट या प्रोग्रामनं ते नवं आणलं तरी रीलोडशिवाय एनजिनएक्स जुनंच दाखवत राहतो, म्हणून सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) रीलोड टाका.

पाइपलाइनसाठी, म्हणजे कोड आपोआप तयार करून सर्व्हरवर पोचवायला, गिटहब अ‍ॅक्शन्स पुरे. एकदा पुश गेला, म्हणजे कोड गिटहबवर चढला, की बिल्ड त्यांच्या मशीनवर होतो, मग आमच्याकडे रात्रभर लाइन नसली तरी अडत नाही. गावच्या नेटवरून प्रॉडक्शन असंच चालवायचं असतं, आणि मी ते चालवतो.

दोन गोष्टी राहिल्या. सिमलिंक मागे फिरवली तरी डेटाबेसचं मायग्रेशन (त्याच्या रचनेतला बदल) मागे जात नाही; आधी डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, घ्या. आणि अपलोड्सचा बॅकअप माझ्याकडे नव्हता, ती चूक माझीच. पण ओळ देणाऱ्यानं ती काय पुसते हेही सांगायला हवं होतं. तुमचं अ‍ॅप कशात लिहिलंय आणि फाइली कुठे साठतात ते कळवा. प्रत्येक ओळ काय करते ते सांगून स्क्रिप्ट देतो.