गिटारची मैफल : नजर कुठे, कान कुठे?

वाचकांच्या पत्रांत या वेळी तयारीच्या गिटारवादकांना प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल बरेच प्रश्न होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : एका मोठ्या इलेक्ट्रिक गिटारवादकाच्या कार्यक्रमाला जायचं आहे. पहिल्या रांगेचं तिकीट बरंच महाग आहे, पण बोटं जवळून दिसतील. घ्यावं का?

बोटं पाहायची असतील तर घ्या, ऐकायचं असेल तर नको. मोठ्या सभागृहात मुख्य स्पीकर उंच टांगलेले असतात आणि पुढच्या रांगांच्या डोक्यावरून त्यांचा आवाज मागे जातो. पहिल्या रांगेत कानावर पडतो तो रंगमंचावरचा कच्चा आवाज, म्हणजे ड्रम आणि वादकाचा अ‍ॅम्प. अ‍ॅम्पमधला स्पीकर बहुधा बारा इंची असतो आणि त्याचा तीव्र भाग टॉर्चच्या झोतासारखा सरळ रेषेत जातो. त्या झोतात सापडलात तर गिटार कानाला टोचते. चार खुर्च्या बाजूला बसलात तर तीच गिटार बोथट वाटते. गाणं आणि कीबोर्ड तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे साउंड इंजिनिअरच्या टेबलाच्या आसपास, शक्यतो त्याच्या थोडं पुढे. तो जे ऐकून मिक्स करतो, तेच तुम्ही ऐकता. बाल्कनीखालच्या अगदी मागच्या रांगा मात्र टाळा. तिथे वरचे स्पीकर झाकले जातात आणि आवाजाची धार जाते.

आता बोटांचं. उजव्या हातानं वाजवणारा वादक समोर तोंड करून उभा राहिला की नेक, म्हणजे गिटारची लांब मान, प्रेक्षकांच्या उजवीकडे येते. मधोमध बसलात तर नेक पूर्ण लांबीत दिसते, म्हणजे फ्रेटवरची (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांवरची) बोटं वाचता येतात. मध्याच्या थोडं उजवीकडे सरकलात तर पिक (तार छेडायची छोटी पट्टी) धरलेली बोटंही दिसतात. डावीकडून पाहिलं तर त्याचा हात आणि मनगट आड येतं. वादक डावखुरा असेल तर हे सगळं उलट. लांब बसणार असाल तर आठपट दुर्बीण न्या. ३० मीटरवरचा हात चार मीटरांच्या आत आल्यासारखा दिसतो. दहापटीच्या पुढे घेऊ नका, हाताच्या थरथरीनं चित्र नाचतं.

एक गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर तो सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो. सेकंदाला दहा-बारा सूर वाजवणाऱ्याचं बोट तुम्हाला एक सूर पुढे दिसतं. तेव्हा हात आणि आवाज जुळत नाहीत म्हणून वादकावर शंका घेऊ नका.

प्रश्न : फार जलद वाजवायला लागले की सगळी खिचडी होते. कान कमी पडतात, की खरंच काही कळण्यासारखं नसतं?

बऱ्याचदा दोष सभागृहाचा असतो. १८० च्या लयीत (मिनिटाला १८० ठोके) एका ठोक्याला चार सूर धरले तर सेकंदाला बारा सूर होतात. मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे नवा सूर येतो तेव्हा आधीचे वीस-पंचवीस सूर हवेत रेंगाळत असतात. तोच वादक लहान, गालिचे-पडदे असलेल्या थिएटरात ऐकलात तर सूर सुटे होतात. निवड करता येत असेल तर थिएटरच निवडा.

उरलेली खिचडी नजरेनं सुटते. पिकचा हात खाली-वर सतत चालू असेल आणि प्रत्येक सुराला टोक असेल, तर ते आल्टरनेट पिकिंग. पिक एकाच दिशेनं सगळ्या तारांवरून झाडू मारल्यासारखं ओढलं जात असेल आणि डावा हात प्रत्येक सूर वाजल्याबरोबर सोडत असेल, तर स्वीप. बोटं सोडायला उशीर झाला की सूर एकमेकांत मिसळतात आणि स्वीपचा साधा कॉर्ड होऊन बसतो. चुका ऐकायच्या तर इथे ऐका. पिक जवळजवळ थांबलं आहे आणि डाव्या हाताची बोटंच तारेवर आपटत-ओढत आहेत, ते लेगाटो. उजवा हातही फ्रेटबोर्डवर आला की टॅपिंग. १९७८ नंतर रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे ते घराघरात पोहोचलं, पण तंत्र त्याच्याआधीचं आहे.

जे ऐकता त्यातला काही भाग डिलेचाही, म्हणजे वाजलेला सूर थोड्या वेळानं पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राचाही, असतो. वादकानं एका ठोक्यात दोनच सूर वाजवले आणि डिले पाऊण ठोक्यावर लावला, तर कानाला चार सूर ऐकू येतात. १२० च्या लयीत हा पाऊण ठोका ३७५ मिलिसेकंदांचा होतो. यात फसवणूक नाही. लय केसभर हलली तर जाळं फाटतं, त्यामुळे हे वाजवायला उलट जास्त शिस्त लागते.

आमचं मत विचाराल तर वेगापेक्षा बेंड ऐका. बेंड म्हणजे मींडच : तार ढकलून सूर चढवायचा. पूर्ण सुराचा बेंड नेमका पोहोचतो का, आणि पोहोचल्यावर आंदोलन दर वेळी त्याच उंचीवर परत येतं का, हे पाहिलं की वादक किती पाण्यात आहे ते कळतं. वेगात बेसूर लपतो, लांबवलेल्या सुरात नाही.

प्रश्न : इअरप्लग घातले की संगीत उशीतून ऐकल्यासारखं वाटतं. घालणं खरंच गरजेचं आहे का?

गरजेचं आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादाही १०० डेसिबलच आहे, पंधरा मिनिटांच्या सरासरीनं. दोन तासांच्या कार्यक्रमाचा हिशेब तुम्हीच करा.

उशीचा अनुभव येतो तो फोमच्या प्लगमुळे. तो वरचे सूर जास्त गिळतो आणि पिकचा टणत्कार नेमका तिथेच असतो. संगीतासाठी मिळणारे फिल्टरचे प्लग आवाज सगळीकडे जवळपास सारखा, १५ ते २० डेसिबलनं, खाली आणतात. १०० चे ८५ झाले की आठ तासांची मोकळीक मिळते. फोमच वापरणार असाल तर बारीक वळून घ्या, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. अर्धवट बसलेला प्लग खालचे सूर आत येऊ देतो आणि फक्त वरचे कापतो, म्हणून तर आवाज गढूळ लागतो. "आवडतं गाणं आहे, तेवढं काढून ऐकू" असं करू नका, त्या पाच-दहा मिनिटांत दिवसाचा बराचसा कोटा संपतो. दुसऱ्या दिवसानंतरही कानात शिट्टी राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वादक दर दोन गाण्यांनी गिटार का बदलतात? आणि नेकच्या टोकाला केसांचा रबर का बांधलेला असतो?

कधी ट्यूनिंग वेगळं असतं, कधी तारांची संख्या. सात तारांच्या गिटारची खालची तार साधारण ६२ हर्ट्झची, तर सहा तारांची ८२ ची, त्यामुळे सात तारांचं गाणं सहा तारांच्या गिटारवर बसत नाही. तरंगत्या ब्रिजची (तारा जिथे अडकवतात तो भाग स्प्रिंगांवर हलता असलेली) गिटार मध्येच ट्यूनिंग बदलायला फार कटकटीची असते. तिची एक तार तुटली की ताण कमी होतो, मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. तेव्हा विंगेतून दुसरी गिटार धावत येते, पाहण्यासारखा प्रसंग असतो.

रबर म्हणजे कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) नव्हे. तो नटजवळ (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) मोकळ्या तारांची गुणगुण दाबतो. टॅपिंगमध्ये दोन्ही हात गुंतलेले असल्यानं त्या तारा दाबायला कोणी उरत नाही.

प्रश्न : फोनवर रेकॉर्डिंग फाटतं. उपाय?

फारसा नाही. स्पीकरांच्या समोर फोनचा माइकच भरून वाहतो. मागे जा, तीस सेकंद घ्या, ठेवून द्या.

प्रश्न : तीन-तीन वादक एकत्र वाजवतात, त्यात कोण काय वाजवतो ते कळत नाही.

गिटारवादक जो सट्रियानी यांनी १९९६ मध्ये जी-थ्री नावाचे दौरे सुरू केले. पहिल्या वेळी सोबत स्टीव्ह व्हाय आणि एरिक जॉन्सन होते. प्रत्येकाचा स्वतंत्र कार्यक्रम आणि शेवटी तिघांचं एकत्र वादन, अशी रचना. एकत्र वादनात सोलो करणाऱ्याला सोडून बाकी दोघांकडे पाहा. ते ठेका धरून बसलेत की जागा शोधतायत, यावर सगळं ठरतं. ओळखायचं असेल तर हाताची पद्धत पकडा. ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात जॉन मॅक्लॉफ्लिन, अल डी मिओला आणि पाको दे लुसिया एकत्र बसले, त्यांत पाको बोटांनी वाजवत होते आणि बाकी दोघे पिकनं. नखांच्या सुराला गोल कडा असते, पिकच्या सुराला टोक. एवढा फरक धरला की डोळे मिटूनही पाको वेगळे काढता येतात.

प्रश्न : क्लासिकल गिटारच्या मैफलीला पहिल्यांदाच जातोय. काय सांभाळावं?

माइक आहे का ते आधी विचारा. स्पॅनिश वादक सेगोव्हिया मोठ्या सभागृहांतही माइकशिवाय वाजवत, गिटारवादक जॉन विल्यम्स मात्र माइक वापरत. माइक नसेल तर तिसरी ते आठवी रांग घ्या. पहिली पाच मिनिटं आवाज फार लहान वाटेल, मग कान जुळतो. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून ठेवा, तो चुरचुराट गिटारपेक्षा मोठा असतो. एका रचनेचे तीन-चार भाग असतील तर टाळ्या शेवटच्या भागानंतर. वादकानं हात तारांवरून उचलून खाली घेतला की संपलं असं समजा. खालच्या तीन तारा धातूनं गुंडाळलेल्या असतात, त्यांवरून बोट सरकताना येणारी किंचित किर्र ही चूक नाही. आणि दोन रचनांमध्ये तो पुन्हा पुन्हा खुंट्या पिळत असेल तर कंटाळू नका, दिव्यांच्या उष्णतेनं नायलॉनच्या तारांचा सूर हलतो.