रिपोर्ट येईपर्यंत पान पांढरंच

प्रश्न : नमस्कार सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघतो. मागांच्या रोजच्या उत्पादनासाठी पायथनच्या एचटीटीपी डॉट सर्व्हरवर छोटा सर्व्हर केलाय. वर्षाचा रिपोर्ट मागितला की मिनिटभर पान पांढरंच, मग सगळं एकदम येतं, तोवर शेठ दोनदा रिफ्रेश मारतात. चंक्डचा, म्हणजे उत्तर तुकड्यातुकड्यानं पाठवायचा, हेडर टाकून बघितला तर पानात मधेमधे १एफ, २ए असलं कायतरी उमटतंय. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्यांदा शेठना थांबवा की ओ! साधा एचटीटीपीसर्व्हर एका वेळी एकच रिक्वेस्ट बघतो, त्यामुळं रिफ्रेश मारला तरी जुनं काम चालूच राहतं आणि नवी रिक्वेस्ट त्याच्यामागं रांगेत. थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर वापरा, तो एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट बघतो, पायथन ३.७ पासून आहे.

आता पांढरं पान. तुम्ही कंटेंट-लेंग्थ, म्हणजे उत्तराची लांबी सांगणारा हेडर, पाठवत असणार, मग ती लांबी कळायला अख्खा रिपोर्ट आधी बनवावा लागतो, सगळ्या गाठी बांधून झाल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही असला प्रकार. तो हेडर काढा, डेटाबेसमधल्या सगळ्या ओळी एकदम आणणारा फेचऑल पण काढा, एकेक ओळ देणाऱ्या कर्सरवर लूप लावून ओळ आली की डब्ल्यूफाइलवर, म्हणजे ब्राउझरकडं जाणाऱ्या वाटेवर, लिहा. तिथं बफर नसतो, म्हणजे मजकूर मधे साठून राहत नाही, त्यामुळं तो पुढं ढकलायची, फ्लशची, भानगड नाही. हा सर्व्हर मुळात एचटीटीपी १.० बोलतो, कनेक्शन बंद झालं की ब्राउझर समजतो की संपलं. तुमच्या कामाला मी एवढंच करीन. खोट एकच, मधेच प्रोग्राम बंद पडला तर अर्धा रिपोर्टही पूर्णच वाटतो, म्हणून शेवटी एकूण बेरजेची ओळ टाका.

ते आकडे का दिसतात, तर चंक्ड ही १.१ ची सोय आहे, १.० च्या उत्तरात ब्राउझर तो हेडर धरत नाही आणि तुकड्यांची मापं मजकूर समजून छापतो. चंक्डच पाहिजे तर प्रोटोकॉल_व्हर्जन १.१ करा. मग प्रत्येक तुकड्याआधी त्याचं माप हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या आकड्यांत, आणि शेवटी शून्य मापाचा तुकडा, तो विसरला तर ब्राउझर फिरतच बसतो. मराठीत लिहिणारे हमखास फसतात ते मापात, कारण माप बाइटमध्ये लागतं, अक्षरांत नाही. ‘सोलापूर’ची लेन, म्हणजे लांबी, पायथन काना-मात्रा वेगळ्या धरून ७ सांगतो, पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ते २१ बाइट होतात, म्हणजे हेक्समध्ये १५. आधी एन्कोड, मग लेन.

तपासताना कर्लला, म्हणजे कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या टूलला, वजा कॅपिटल एन लावा, नाहीतर कर्ल स्वतःच साठवून दाखवतो आणि तुम्ही उगंच सर्व्हरला शिव्या घालत बसता.