उन्हात पाऊल टाकलं की शिंका का येतात?

घरातून उन्हात आलं की दोन-तीन शिंका येतातच, हा आजार आहे का, चारचौघांत शिंक दाबली तर चालते का आणि शिंकताना हृदय थांबतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण ही खोड मला आहे, माझ्या आईलाही आहे, त्यामुळे याबद्दल बरंच वाचून झालंय.

आजार नाही. 18 ते 35 टक्के लोकांना असं होतं, आणि ते आनुवंशिक आहे. आई-वडिलांपैकी एकाला असलं तरी मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

एरवीची शिंक नाकातून सुरू होते. धूळ, तपकीर किंवा फोडणीतल्या मिरचीचा खाट आतल्या अस्तराला झोंबला की ट्रायजेमिनल नस, म्हणजे चेहऱ्याची आणि नाकाची जाणीव वाहून नेणारी मज्जा, मेंदूच्या देठाकडे निरोप धाडते. मग मोठा श्वास आत, घसा क्षणभर बंद, छाती-पोटाचे स्नायू आवळले जातात आणि साठलेला दाब एकदम सुटतो. उन्हाच्या शिंकेत नाकाला काहीच झालेलं नसतं. डोळ्यांवर अचानक प्रकाश पडल्याचा निरोप वाटेत ट्रायजेमिनलच्या कामात मिसळतो, असा कयास आहे; म्हणजे बेल शेजाऱ्यांची वाजते आणि दार आपण उघडतो. खरा मुद्दा अंधारातून उजेडात येण्याचा. म्हणून पहिल्या दोन-तीन शिंका झाल्या की पुढे तासभर उन्हात थांबलात तरी काही होत नाही.

हे जुन्या लोकांच्या चांगलं लक्षात आलं होतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अडलेली शिंक मोकळी करायच्या उपायांत 'अर्कविलोकन', म्हणजे सूर्याकडे पाहणं, दिलेलं आहे. (तुम्ही थेट सूर्याकडे पाहू नका, डोळ्याचा पडदा जळतो. उजेडाच्या खिडकीकडे पाहूनही काम होतं.) ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात याचा दोष उन्हाच्या उष्णतेला दिलाय. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंताने डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं, तर शिंक आलीच नाही! ऊब तर तेवढीच होती. मला हा प्रयोग भारी आवडतो. दमडीचा खर्च नाही.

शिंक दाबायची मात्र नाही. चरकानेही अडवू नयेत अशा तेरा वेगांमध्ये तिला धरलंय. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका 34 वर्षांच्या माणसाने नाक चिमटीत धरून, तोंड मिटून शिंक आतच जिरवली आणि त्याचा घसा आतून फाटला. 2018 मध्ये त्याची केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. असं क्वचितच होतं, पण रुमाल किंवा कोपर तोंडासमोर धरून शिंकणं काही अवघड नाही. मीटिंग असली म्हणून काय झालं?

हृदय थांबत नाही. छातीतला दाब बदलल्याने ठोक्यांची लय किंचित मागेपुढे होते, एवढंच. डोळे आपोआप मिटतात, पण ते उघडे राहिले तर बाहेर येतील ही भीती फुकटची.

गाडी चालवत असाल तर जपा. एक्स्प्रेसवेवर भाताणच्या बोगद्यातून दुपारी बाहेर पडताना नेमकी शिंक येते आणि तेवढ्यापुरते डोळे मिटतात. मी बोगद्यातून निघायच्या जरा आधी वेग कमी करतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो. टोपी किंवा गॉगलनेही फरक पडतो. आणि कधी डोळ्याजवळ इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तर ही सवय डॉक्टरांना आधी सांगा. सुई आत असताना शिंक यायला नको.