नगावर काम करणारे शिलाई कारागीर कंत्राटदार ठरतात का? तसं लिहून घेतलं तर चालेल का?

लिहून घेऊन उपयोग होणार नाही. मशीनवर बसणारे तुमचे आठ जण, कटिंग मास्टर आणि दोन हेल्पर हे तुमचे कर्मचारीच आहेत. घरी काम नेणाऱ्या चार बायकांचं जरा गुंतागुंतीचं आहे. आरी वर्कवाला (आरीच्या सुईने भरतकाम करून देणारा) मात्र खराखुरा कंत्राटदार आहे.

ज्यांनी प्रश्नाचा तपशील वाचला नसेल त्यांच्यासाठी: प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं डोंबिवलीत ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं युनिट आहे. हेल्पर सोडले तर सगळे नगावर. हजेरी नाही, शनिवारी वही उघडून हिशोब. काही जण दुसऱ्या टेलरकडेही काम करतात, असंही त्या म्हणतात. अकाउंटंट म्हणतोय की पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रत्येकाकडून 'मी स्वतंत्र कंत्राटदार आहे' असं लिहून घ्या, म्हणजे ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कटकट मागे लागणार नाही.

मी ठाणे-भिवंडीकडच्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं आणि ईएसआय-पीएफची कामं बघतो. असा स्टॅम्प पेपर घेऊन येणारं कुणी ना कुणी भेटतंच. माझं उत्तर ठरलेलं असतं: कागदावर काय लिहिलंय यापेक्षा दुकानात रोज काय चालतं ते बघितलं जातं.

गंमत म्हणजे तुमच्याच धंद्यातला निकाल आहे, तोही सुप्रीम कोर्टाचा. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचं प्रकरण तिथे गेलं होतं. त्यातली हकीकत वाचाल तर वाटेल कुणी तुमच्याच युनिटात बसून लिहिलीय. सगळे कारागीर नगावर, दरही सारखे नाहीत, ज्याच्या हातात सफाई त्याला जास्त. एखाद्या दिवशी यायचं नसेल तर रजेचा अर्ज नाही, कळवायचंही बंधन नाही. काम नसेल तर दुकान बंद व्हायच्या आधी उठून जायची मोकळीक. काही जण मालकाला विचारून कापड घरीही न्यायचे. मालकाचं म्हणणं, मग हे माझे नोकर कसे?

कोर्टाने बघितलं ते वेगळंच. मशीन कुणाची? मालकाची. जागा? मालकाची. कापून झालेलं कापड हातात देताना ते कसं शिवायचं हे सांगितलं जायचं, आणि तसं शिवलं नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावायचे. कामात कसर राहिली तर त्याला पुढचं काम सहसा मिळायचं नाही. माल नाकारण्याचा हा हक्क म्हणजेच मालकाचं नियंत्रण, असं कोर्टाने धरलं आणि ते सगळे कर्मचारी ठरले. 'पण ते दुसऱ्या टेलरकडेही काम करतात' हा तुमचा मुद्दाही तिथे निकाली निघाला आहे: एक माणूस एकाहून जास्त मालकांचा नोकर असू शकतो.

त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात असंच झालं होतं. हजारी विड्यांवर मजुरी, मनात येईल तेव्हा उठून जायची मुभा, तरी ते कामगार ठरले. तेव्हा 'नगावर आहे म्हणजे माझा माणूस नाही' ही समजूत डोक्यातून काढून टाका. नगावर की महिन्यावर, हा फक्त पैसे मोजायचा प्रकार झाला.

आता घरच्या चार बायका. हेमिंग, हूक, मणीकाम घरी नेतात, सुईदोरा त्यांचा, वेळ त्यांची. तरी त्यांना सरसकट बाहेर धरू नका. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना पीएफचा कायदा लागू होतो, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या प्रकरणात सांगितलं. तिथेही निवडून माल नाकारण्याचा हक्क हाच मुद्दा होता. तुमच्या चौघींपैकी जी फक्त तुमचंच काम करते, तुमच्याच दराने, तिला कंत्राटदार म्हणणं मला तरी जड जाईल. पीएफ वीस माणसांपासून लागतो, आणि चौघी धरूनही तुम्ही पंधरावर आहात. त्यामुळे आज हा प्रश्न ऐरणीवर नाही. माणसं वाढवाल तेव्हा येईल.

ईएसआय मात्र आजचाच प्रश्न आहे. माल बनवणारी जागा आणि दहा किंवा जास्त माणसं असली की तो लागतो. तुमच्या आत बसणारेच अकरा आहेत. भीती वाटते तेवढा खर्चही नाही. महिन्याला २१,००० पर्यंत मिळवणाऱ्यांना तो लागू. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. एखादीचा महिन्याचा हिशोब १५,००० होत असेल तर तुमचे साधारण ४८८ रुपये आणि तिचे ११३. त्यात तिच्या घरच्यांचं औषधपाणी आलं, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आली, आणि बोटातून सुई आरपार गेली तर ते तुमच्या खिशातून जात नाही. (जुकी मशीनवर हे किती वेळा होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं.) उलट आज टाळलंत आणि दोन वर्षांनी तपासणीत निघालं, तर दोन्ही वाटे व्याजासकट तुम्हीच भरायचे. कामगाराचा मागचा वाटा पुढच्या हिशोबातून कापता येत नाही.

ग्रॅच्युइटीही दहा माणसांवर लागते, आणि नगावरच्या कारागिराची ती शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढतात. शनिवारची वही म्हणूनच जपून ठेवा, जुन्या वह्यासुद्धा.

कुणी सांगेल की २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात, आता सगळ्यांना 'गिग वर्कर' दाखवा. ती व्याख्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या मशीनवर तुमच्या जागेत बसून शिवणारा त्यात बसत नाही.

राहिला आरीवाला. त्याचा स्वतःचा गाळा आहे, खाटले (कापड ताणून भरतकाम करायच्या चौकटी) त्याचे, हाताखाली चार कारागीर, आणि पाच-सहा बुटीकची कामं तो घेतो. दर तो सांगतो आणि तुम्ही घासाघीस करता. काम कोण करणार हे तो ठरवतो. तुम्हाला फक्त डिझाइन आणि तारीख कळते. बिघडलं तर नुकसान त्याचं. स्टॅम्प पेपर आणलाच असेल तर याच्यासाठी वापरा. त्यात नगाचा दर, माल परत करायची तारीख, कापड खराब झालं तर भरपाई कुणाची आणि त्याच्या कारागिरांची देणी त्यानेच द्यायची, एवढं स्पष्ट लिहून घ्या. आणि पैसे रोख देऊ नका, त्याच्याकडून बिल घेऊन बँकेतून द्या.