क्लेम नाकारला, पण कोणत्या कलमाखाली?

प्रश्न : गोरेगावातल्या आमच्या इमारतीचा ताबा बिल्डरने डिसेंबर 2021मध्ये दिला. 2025च्या जुलैत एका रात्री गच्चीवरच्या टाकीचा पाइप जोडापाशी फुटला. पाणी डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या तीन घरांत शिरलं, छताचं प्लास्टर पडलं, लिफ्टचं पॅनेल भिजून बंद पडलं. इमारतीचा विमा सोसायटीच्या नावावर आहे. कंपनीने नोव्हेंबरात क्लेम नाकारला : ‘नुकसान सदोष बांधकामामुळे झाले असून ते पॉलिसीच्या अपवादांत मोडते.’ बिल्डर म्हणतो, फुकट दुरुस्ती करतो, पण यापुढे काहीही मागणार नाही असं लिहून द्या. रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, ‘काम निकृष्ट’ अशी तक्रार केली तर विमा कंपनीला आयतं हत्यार मिळेल, अशी कमिटीतल्या काहींना भीती वाटते. काय करावं?
— सोसायटीच्या सचिव, गोरेगाव

उत्तर : पहिली गोष्ट, बिल्डरला काहीही लिहून देऊ नका. कारण पुढे सांगते.

आता पॉलिसीचं पुस्तक काढा. मुखपृष्ठ नाही, आतली बारीक अक्षरातली पानं. वकिली सुरू करण्याआधी मी विम्याची सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारी, म्हणून मुंबईतल्या कितीतरी गच्च्यांवर चढले आहे, आणि माझ्या अनुभवात ही पानं क्लेम नाकारल्यावरसुद्धा बहुतेक कमिट्या उघडत नाहीत. एप्रिल 2021पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि मोठ्या रकमांसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’सारख्या ठरावीक शब्दांच्या पॉलिस्या आल्या. त्यांत कोणकोणत्या आपत्तींचं नुकसान मिळेल याची यादी असते आणि प्रत्येक आपत्तीसमोर तिचे स्वतःचे अपवाद असतात. ‘सदोष रचना, सदोष काम किंवा सदोष साहित्य’ हा अपवाद तुम्हाला जमीन खचणे आणि दरड कोसळणे या आपत्तीसमोर सापडेल. पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणे ही वेगळी आपत्ती आहे. तिच्यासमोर हा अपवाद नाही. तुमच्या प्रतीतही शब्द असेच असतील, तर कंपनीने एका आपत्तीचा अपवाद उचलून दुसरीला लावला आहे, आणि ते चालू देता कामा नये.

म्हणून कमिटीची भीती मला पटत नाही. जोड कच्चा होता, हा दोष. त्यातून आलेल्या पाण्याने प्लास्टर पाडलं, हे नुकसान. दोषाचा जाब बिल्डरला विचारायचा, नुकसान विमा कंपनीकडे मागायचं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत आणि दोन्हीकडे तीच सांगायची. फुटलेला जोड बदलण्याचा खर्च मात्र विम्यात मागू नका, तो बिल्डरचा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला अहवाल लिहायला सांगाल तेव्हा दोन प्रश्न वेगळे द्या : जोड का फुटला, आणि पाण्याने काय काय बिघडवलं. एकाच परिच्छेदात ‘निकृष्ट कामामुळे इमारतीचे नुकसान’ असं मोघम लिहिलं की दोन्हीकडची माणसं त्याचा हवा तसा अर्थ लावतात. फुटलेला तुकडा प्लंबरने भंगारात दिला नसेल तर तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. लिफ्टच्या पॅनेलवर वाद होईल, कारण शॉर्टसर्किटने उपकरण जळण्याचा वेगळा अपवाद असतो. पॅनेल पाण्याने निकामी झालं हे लिफ्ट कंपनीच्या मेकॅनिककडून लेखी घ्या.

कंपनीला पत्र लिहून अपवादाचं कलम आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलं आहे. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची, हे 2022च्या नरसिंह इस्पात निकालात आहे. नाकारण्याच्या पत्रात नसलेलं नवं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे 2019च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालात. म्हणून ते पत्र जपून ठेवा, तो तुमचाच पुरावा आहे. ग्राहक आयोगात जायला नाकारल्यापासून दोन वर्षं मिळतात. आयोग कोणता, हे आता मागणीच्या रकमेवर नाही, विम्याच्या भरलेल्या हप्त्यावर ठरतं. हप्ता 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे तुम्हाला उपनगराचा. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

बिल्डरकडची मुदत त्याहून जवळ आहे. रेरा कायद्याच्या कलम 14(3)प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमची पाच वर्षं डिसेंबर 2026ला संपतात. फोनवर सांगितलं होतं, याला काही अर्थ नाही. रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा. तीन घरांतली कपाटं-गाद्या सोसायटीच्या इमारत-विम्यात येत नाहीत. ती भरपाई त्या सभासदांनी बिल्डरकडे मागावी. कोणाची स्वतःची घर-विमा पॉलिसी असेल आणि तिथेही नकार आला असेल, तर एका वर्षात विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावं. तिथे फी नाही.

आता ते ‘लिहून द्या’. विमा कंपनीने पैसे दिले की बिल्डरकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात, तर कंपनीला नकाराचं खरंखुरं कारण मिळेल. आज तिच्याकडे ते नाही. दुरुस्ती करून घ्या, पण पावतीवर ‘काम मिळाले, हक्क राखून’ एवढंच लिहा.

प्रश्न : शेजारच्या पुनर्विकासाच्या खोदकामाने आमच्या भिंतींना भेगा पडल्या. विमा मिळेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून मिळणं कठीण. जमीन खचण्याच्या आपत्तीत खोदकाम आणि बांधकामामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि इथे तो अपवाद खरोखर लागू पडतो. शेजारच्या कंत्राटदाराने ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ ही बांधकाम चालू असतानाची पॉलिसी घेतली असेल तर तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. पण हादरे आणि आधार कमकुवत होणे यांसाठी सहसा जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेतलं आहे का, हे त्या बिल्डरला लेखी विचारा आणि पत्राची प्रत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला द्या. भेगा वाढतात का हे कळावं म्हणून त्यांवर तारखेसह काचपट्ट्या बसवून फोटो काढा आणि सगळ्या खोल्यांचे काढा, न तडकलेल्यांचेसुद्धा.