पुलात ऑप्टिकल सेन्सर पुरायचे की नाही?

प्रश्न असा आहे: मिरज तालुक्यात ओढ्यावर आरसीसी पूल होतोय, त्यात ऑप्टिकल फायबरचे सेन्सर पुरले, तर सळई गंजणार हे आधी कळेल का?

कळेल, पण सेन्सर कुठला घेता त्यावर आहे. सहज मिळतो तो ब्रॅग ग्रेटिंगवाला, म्हणजे फायबरच्या आत बारीक रेघा कोरलेला, ताणलं की परतणारा प्रकाश बदलणारा. तो ताण आणि तापमान मोजतो. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, काँक्रीट ताणलं जातं आणि मग हा बोलतो. म्हणजे गंज चढल्यावर.

आधी कळायचं तर सामू (pH) मोजणारा हवा. त्यात फायबरच्या टोकाला सामूप्रमाणे बदलणारं रंगद्रव्य असतं. चांगल्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत मुरत तो ९ च्या आसपास आला की सळईवरचा संरक्षक थर जातो आणि गंजायला वाट मोकळी होते. कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरात, १०, २०, ३० मिमी खोलीवर एकेक टोक ठेवा. पहिल्या टोकाशी सामू दहा वर्षांनी पडला, तर दुसऱ्याशी विसाव्या वर्षी पडेल असं धरू नका. खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे साधारण चाळिसाव्या. अडचण एकच, रंगद्रव्य पुलाइतकं टिकत नाही. अल्कली काचेलाही खाते, म्हणून फायबरवरचं कोटिंग नीट विचारून घ्या.

मिठातलं क्लोराइडही सळई गंजवतं, पण त्याचा सेन्सर कोकणातल्या खाडीपुलांना ठीक. आपल्याकडे समुद्र नाही, पण क्षारपड जमिनी आहेत. कंत्राटदार शेजारच्या विहिरीचं पाणी मिक्सरला लावतो, तिथे क्लोराइड पहिल्या दिवशीच आत जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा आरसीसीला लिटरमागे ५०० मिग्रॅ आहे. पाणी तपासून घ्या, हजारो रुपयांचा सेन्सर वाचेल.

जागा म्हणाल तर कायम पाण्यात असलेला भाग सोडा, तिथे हवाच पोचत नाही. पावसाळ्यात भिजून उन्हाळ्यात सुकणारा पिअरचा (पुलाच्या खांबाचा) पट्टा आणि एक्स्पान्शन जॉइंटखाली (पुलाच्या दोन भागांमधल्या फटीखाली) पाणी ठिबकतं तो गर्डरचा, म्हणजे आडव्या तुळईचा, शेवट, हे दोन धरा.

काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्याला फायबर कुठून गेलीय ते काँक्रीट भरायच्या दिवशी पुन्हा दाखवा. व्हायब्रेटरची सुई लागली की संपलं. फायबरची टोकं जिथे बाहेर येतात तो बॉक्स पुराच्या खुणेच्या वर, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा. आमच्या एका कामावर तांब्याची वायर समजून कुणीतरी टोकंच कापून नेली होती.