भाडं त्यांनी थकवलं, तोंड आपण का लपवतो?

"भाडेकरूनं भाडं थकवलंय. घर खाली करा म्हणायला जीभ रेटत नाही, आणि गप्प बसावं तर रात्रभर डोळा लागत नाही." हे वाक्य लातूरमध्ये मी दरवर्षी ऐकतो. ऐकवणारे बहुतेक वेळा निवृत्त माणसं असतात, नाहीतर घरात एकट्या राहणाऱ्या बायका. वर स्वतः राहायचं आणि खालचा मजला शिकवणीला आलेल्या मुलांना नाहीतर मेसवाल्याला द्यायचा, ही इथल्या कितीतरी घरांची मिळकत आहे. त्यातल्याच एका काकूंची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंना नवऱ्यामागं कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. खाली अहमदपूरकडचं एक जोडपं मागच्या खोलीत राहायचं आणि पुढच्या दोन खोल्यांत मेस चालवायचं. भाडं नऊ हजार, डिपॉझिट वीस हजार. शेजारच्या हॉस्टेलनं स्वतःची मेस सुरू केली, पोरं तिकडं गेली आणि जुलैपासून भाडं बंद झालं. काकू माझ्याकडे आल्या तेव्हा जानेवारी चालू होता.

त्यांची पहिली तक्रार मात्र भाड्याची नव्हतीच. "जिना उतरावं वाटत नाही ओ," म्हणाल्या. खाली फोडणीचा आवाज आला, म्हणजे दोघंही कामात गुंतलेत असं बघून त्या दुधाला बाहेर पडायच्या. येणं यांचं, आणि चोरासारख्या वावरायच्या याच.

कारण होतं डबा. मेसमधून काकूंना दोन वेळचा डबा यायचा. आधी त्या महिन्याला चोवीसशे रुपये द्यायच्या. भाडं थांबलं तसे मेसवाले डब्याचे पैसे घेईनासे झाले, "राहू द्या काकू" म्हणायचे. पुढं पुढं भाडं जितकं तुंबलं तितका डबा भरगच्च होत गेला. सणाला पुरणपोळी, येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, गावाकडच्या शेतातून आणलेली भज्जी, आंबील आणि उंडे. "ज्यांचं आंबील प्यालं त्यांना उठा कसं म्हणू?" हा काकूंचा खरा अडसर होता. मेसवाले लबाड होते असं मला वाटत नाही. शरमलेला माणूसही असंच वागतो. पण दोघांनी मिळून त्रेसष्ट हजारांचा विषय डब्याखाली झाकून ठेवला होता.

पुण्यातल्या मुलाचा सल्ला वेगळाच होता: पाणी बंद कर, ते गावी गेले की कुलूप ठोक. हे मात्र मी तिथंच अडवलं. भाडं थकलं तरी घरमालकाला पाणी-वीज तोडता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 खाली तो गुन्हा आहे. परस्पर कुलूप लावून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. शिवाय काकूंचा करार होता नोटरी केलेल्या बाँडवर, नोंदणी नसलेला. कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मी वकील नाही, म्हणून त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. तिथं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तिथून त्या एक माहिती घेऊन आल्या आणि आमचं काम सोपं झालं. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस थांबूनच दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी 15 टक्के व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित देत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. मी विचारलं, "काकू, तुम्हाला पैसे हवेत की घर?" बराच वेळ गेला. "घर," म्हणाल्या. "पैसे मिळाले तर बरंच."

मग आम्ही बोलायचा सराव केला. मी मेसवाला झालो: "देतो की काकू, आम्ही कुठं पळून चाललाव?" काकू लगेच औषधाचा खर्च सांगू लागल्या, मुलाचं कर्ज सांगू लागल्या. मी थांबवलं. आपण अडचण सांगितली की समोरचा त्याहून मोठी अडचण सांगतो. मग कुणाचं दुःख मोठं याचीच चढाओढ लागते आणि त्यात घरमालक नेहमी हरतो. आपलं भाडं मागायला कारण लागत नाही. शेवटी इतकंच ठरलं: "सात महिन्यांचं भाडं राहिलंय. रविवारी चार वाजता दोघं वर या, हिशोब करू." एवढं बोलायचं आणि वर यायचं. चहासुद्धा विचारायचा नाही. हे काकूंना सगळ्यात जड गेलं.

डब्याचे पैसे हिशोबात धरायचे, हा माझा आग्रह होता. सात महिन्यांचे सोळा हजार आठशे वजा केले, डिपॉझिट वळतं केलं, तेव्हा बाकी उरली सव्वीस हजार दोनशे. कागदावर हा आकडा बघून मेसवाल्या वहिनी रडल्या. त्यांच्या डोक्यात तो लाखाच्या घरात होता, म्हणून तोंड उघडायची हिंमतच होत नव्हती. (भाडेकरू हे वाचत असतील तर, पहिला महिना चुकला त्याच आठवड्यात स्वतः वर जाऊन सांगा. आधी सांगणाऱ्याला मुदत मिळते.)

त्यांनी मागितली ती नीटची परीक्षा होईपर्यंतची मुदत. मेमध्ये परीक्षा झाली की पोरं गावी जातात, तोवर मेसला चार पैसे सुटणार होते. लिहून ठरलं: फेब्रुवारीपासून डबा वळता करून दरमहा सहा हजार सहाशे रोख, जुनी बाकी हप्त्यानं, 31 मेला घर खाली. काकूंच्या वकिलांनी कागद बघून दिला. मला विचाराल तर ही निर्दयता नव्हती. त्या बंद पडत चाललेल्या मेसचं ओझं आणखी वर्षभर वाढू देणं जास्त निर्दय झालं असतं.

काही घरांत ठरल्या दिवशी भाडेकरू वर येतच नाहीत, असंही होतं. तेव्हा पुन्हा पुन्हा निरोप पाठवत बसू नका, वकिलामार्फत नोटीस द्या.

घर ठरल्या दिवशी खाली झालं. बाकीतले आठ हजार मात्र आजतागायत आले नाहीत. दावा लावायचा म्हणून मुलगा अजून मागं लागतो. काकूंनी मला विचारलं तेव्हा मी वकिलाची फी, तारखा आणि आठ हजार एका कागदावर मांडायला सांगितले. त्यांनी मांडले आणि विषय सोडून दिला. नवीन भाडेकरू आलेत, नोंदणीकृत करारावर. पाच तारीख उलटली की काकू सहाला सकाळी खाली जाऊन विचारतात.